हाकेपुरता फ्यूज

चिंताकी गावातल्या मायाप्पाचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, म्हाळसाबाईचं, गेलं वर्षभर बोलणं बंद होतं. बहीण गावातच दिलेली. दोघांच्या घरांमध्ये एक गल्ली, एक पाण्याचा नळ आणि एक मारुतीचं देऊळ, एवढंच काय ते अंतर. रोज सकाळी नळावर गाठ पडायची. म्हाळसाबाई घागर भरता भरता मारुतीकडे बघायची आणि मायाप्पा आभाळाकडे. गावाला आधी गंमत वाटली, मग त्याची सवय झाली. मायाप्पाला मात्र सवय काही झाली नाही. सहासष्ट वर्षांचा गडी, पण अक्काचं नाव निघालं की तोंड एवढंसं व्हायचं.

भांडण जमिनीचं नव्हतं, दागिन्याचं नव्हतं. भांडण होतं एका हाकेचं.

त्यांचा बाप मेंढरं राखायचा. माळाच्या एका अंगाला भाऊ आणि दुसऱ्या अंगाला बहीण, मध्ये दोनशे मेंढरं. एकमेकांची खुशाली कळावी म्हणून बापानं पोरांना ओवीतून हाक मारायला शिकवलं होतं. पुढं मेंढरं गेली, शेती आली, बहिणीचं लग्न झालं, पण हाक राहिली. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे इकडची येळवस, आली की सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे खोप, करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, रानात आंबील शिंपडायची आणि मग भज्जी आणि बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांवर ताव मारायचा. पूजा उरकली की मायाप्पा कोपीपुढं उभा राहून, कानावर हात ठेवून अक्काला हाक घालायचा. तिच्या सासरचं रान ओढ्याच्या पल्याड, चांगलं अर्ध्या मैलावर. हाक ऐकली की ती आपली कोपी सुनांच्या स्वाधीन करून, डोक्यावर टोपलं घेऊन भावाच्या शेतात यायची. ती आल्याशिवाय मायाप्पाच्या कोपीत ताट पडत नसे. चाळीस वर्षांत यात कधी खंड पडला नव्हता.

दीड वर्षामागं मायाप्पाच्या गळ्यात गाठ निघाली. बिदरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं. पण आवाज गेला तो गेलाच. म्हणजे बोलता यायचं, पण पूर्वी ज्या आवाजानं ओढ्यापल्याडची वासरं मान वर करायची, तो आता चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जेमतेम पोचायचा. गेल्या येळवशीला मायाप्पा कोपीपुढं उभा राहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग लेकीला स्कूटी घेऊन अक्काला आणायला पाठवलं. म्हाळसाबाईनं निरोप ऐकला आणि स्कूटीकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"निरोपावर यायला मी काय पाव्हणी हाव का? हाक आली की येतेव. जा म्हणावं."

ती आली नाही. मायाप्पाला राग आला. आपल्याला काय झालंय हे साऱ्या गावाला ठाऊक, आणि सख्खी बहीण हाकेसाठी अडून बसते! तिकडं तिनंही तोंड फिरवलं. दोघंही एकाच बापाची, कोण कुणाला ऐकणार?

या येळवशीला अक्का आली नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, असं मायाप्पाच्या मनानं घेतलं होतं. ती चौऱ्याहत्तरची, हा सहासष्टचा. आणखी किती येळवशी हातात आहेत, याचा हिशोब तो उघड करत नसे, पण मनात चाललेला असायचा.

उपाय लेकीनं काढला. धनलक्ष्मी बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात विजेचे पॅनल बनवायच्या कामावर होती, वायरिंगच्या खात्यात. एक जुनी जीप घेऊन ती रोज सकाळी आसपासच्या गावांतल्या आठ बायकांना कोळारला नेत असे आणि संध्याकाळी परत आणत असे. जीपचं सगळं वायरिंग तिनं स्वतः नवं केलं होतं. औरादमधल्या एका लग्नातल्या डीजेवाल्यानं धंदा बंद केला, तेव्हा त्याचा अँप्लिफायर, भोंगा, माइक आणि भलामोठा बास बॉक्स तिनं उचलून आणला.

"अप्पा, औंदा हाक भोंग्यातून जाऊ द्या," ती म्हणाली. "अक्कात्त्याला हाक पायजे ना? हाक मंजे हाक. तुमच्या गळ्यातून निगाली की झालं."

मायाप्पाला ते एकदम पटलं. इतकं पटलं की चार दिवस तो परड्यात बसून, वासरासमोर गुणगुणत नवी ओवी जुळवत होता. बायको जगदेवी म्हणाली, "लग्नाच्या आदी माज्यासाठी एवडी ओवी जुळवली असती तर!" मायाप्पानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना धनलक्ष्मी जीपला वायर जोडायला बसली. मायाप्पा शेजारी उकिडवा बसला होता आणि बांधाचा शेजारी उद्धवराव बॉनेटला टेकून उभा होता. उद्धवराव सोयाबीन-तुरीचा मोठा शेतकरी, संतपूरच्या बाजारात ऊठबस, आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे. बॅटरीपासून वीतभर अंतरावर धनलक्ष्मीनं एक छोटी डबी बसवली आणि तिच्यात प्लास्टिकचा हिरवा फ्यूज दाबला.

"किती अँपियरचं हाय?" मायाप्पानं विचारलं.

"तीस."

"तीसच? मशिनीवर तर हजार वॅट लिवलंय."

"त्ये डब्यावर लिवलेलं वॅट लग्नाच्या पत्रिकेतल्या टायमासारकं असतंय अप्पा. छापायचं येक, व्हायचं येक," धनलक्ष्मी हसली. "आन् फ्यूज मशिनीच्या डब्याकडं बगून घालायचं नसतंय. वायरीकडं बगून घालायचं असतंय. ही बगा." तिनं ब्लेडनं वायरीचं टोक सोललं. "वरून बोटाएवडी जाड दिसायली. आत बगा, समदं प्लास्टिकच. तार ॲल्युमिनियमची, वरून नुस्तं तांब्याचं पाणी फिरवलंय. हिला तीसाच्या वर सोसत न्हाई. त्याच्या वर गेलं की फ्यूजनं मरायचं, वायरीनं न्हाई."

"मंजे फ्यूज मरायसाटीच असतंय व्हय?"

"व्हय की."

हे मात्र मायाप्पाला पटलं नाही. पटणार कसं? अख्ख्या शिवारात तो फ्यूजवाला म्हणून प्रसिद्ध होता. रानातल्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीचा फ्यूज उडाला, पाण्याच्या मोटरी बंद पडल्या की लाइनमन यायची वाट कोण बघत बसणार? माणसं मायाप्पाला शोधत यायची. तो लाकडी काठीनं फ्यूज उपसायचा, कमरेच्या पिशवीतनं तांब्याची जाड तार काढायचा, दोन पदर पीळ देऊन बांधायचा आणि म्हणायचा, "आता सा म्हैने बगायला नको." आणि खरंच सहा महिने तो फ्यूज उडत नसे. मायाप्पाच्या लेखी न उडणारा फ्यूज हाच चांगला फ्यूज. उडणारा फ्यूज म्हणजे कामचुकार गडी.

त्या संध्याकाळी चाचणी झाली. नुसता भोंगा लावला, मायाप्पा माइकमध्ये "अक्का" म्हणाला आणि गल्लीच्या टोकाची कुत्री उठून उभी राहिली. जगदेवीनं कौतुकानं तोंडाला पदर लावला. पण उद्धवरावाचं समाधान झालं नाही.

"बास लाव की! बासबिगर आवाजाला वजन येत न्हाई. आमच्या पुतण्याच्या वरातीत बास आसा व्हता, छातीत धडधड व्हायची."

धनलक्ष्मी नको म्हणत होती, तरी दोघांच्या हट्टापुढं तिनं बास बॉक्स जोडला. बटण फिरवलं, एकदा "धम्म" झालं आणि सगळं गप्प. हिरवा फ्यूज उडाला होता. तिनं तो काढून उन्हात धरून दाखवला. आतली तार तुटलेली.

"बगितलं? बास करंट लई ओढतंय. आवाजाला त्याची गरज न्हाई. उद्या नुस्ता भोंगा." तिनं नवा तीसचा बसवला, आणखी एक जास्तीचा समोरच्या खणात ठेवला आणि आईला तुरीच्या शेंगा सोलू लागायला आत गेली. बास बॉक्स जड होता, म्हणून तो तसाच जीपमध्ये राहिला.

येळवशीचा दिवस असा उजाडला, की बघत राहावं. थंडी गुलाबी, ज्वारी कणसाला आलेली, तुरीच्या शेंगा भरलेल्या, हरभरा घाट्यांवर. सकाळपासून वाटेनं बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका शेताकडं चालल्या होत्या. मायाप्पाच्या कोपीत पाच पांडव मांडले गेले. पूजा झाली. जगदेवीनं नव्या मडक्यातली आंबील घेतली, मायाप्पानं ज्वारीच्या धाटानं ती चहूकडं शिंपडली आणि "ओलगे ओलगे" असा येळवशीचा घोष करत सगळे कोपीभोवती फिरले. ओढ्याच्या पल्याड म्हाळसाबाईच्या कोपीवरही धूर दिसत होता. मायाप्पा फिरता फिरता तीनदा तिकडं बघून घेत होता.

धनलक्ष्मी कोपीमागच्या चुलीवर भज्जी ढवळायला बसली होती. भज्जी हे सोपं काम नव्हे. तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, मेथी, चिंच आणि बेसन, सगळं एकजीव होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. ती म्हणाली, "धा मिन्टं थांबा अप्पा, ह्ये उतरवते आन् येते. हात लावू नका कशाला."

दहा मिनिटं थांबायचं आणि तेही बहिणीच्या धुराकडं बघत! मायाप्पा दोन मिनिटं थांबला. मग त्याला उद्धवराव दिसला. उद्धवराव आपल्या कोपीत पोटभर जेवून, मिशीला आंबील तशीच ठेवून, मुद्दाम हाक ऐकायला आला होता.

"काय मायाप्पा, कामून थांबलास?"

"धनलक्ष्मी येईपत्तुर थांब म्हणायली."

"बटणच तर फिरवायचंय. मी बसतो की जीपमदी. आन् बास लाव. येवड्या लांब जायचाय आवाज. तिकडं म्हाळसाबाईचं नातू मोबाइल वाजवत बसलंय, त्यात तुजी नुस्ती चिरचिर कुनाला ऐकू येणार?"

'चिरचिर' हा शब्द मायाप्पाला झोंबला. गेलं वर्षभर तो स्वतःच्या आवाजाला मनातल्या मनात तेच नाव ठेवत होता. अक्का दोन वर्षांनी हाक ऐकणार, ती चिरचिर कशी चालेल? त्यानं बासची पिन खुपसली. उद्धवरावानं पुढच्या सीटवर बसून बटण फिरवलं. धम्म, आणि गप्प. खणातला जास्तीचा फ्यूज लावला. पुन्हा धम्म, पुन्हा गप्प.

आता मात्र मायाप्पाला घाम फुटला. हिरवे फ्यूज संपले. पोरगी आली की बोलणार. आणि पल्याडच्या कोपीवरचा धूर कमी होत चालला होता, म्हणजे ती मंडळी जेवायला बसायच्या बेतात. मायाप्पाचा हात आपोआप कमरेला गेला. पिशवीत तार होतीच, ती तीस वर्षं तिथंच असते. त्यानं जाड तांब्याचे दोन पदर घेतले, पीळ दिला, फ्यूजच्या जागी दाबून बसवले आणि सवयीनं म्हणाला, "आता सा म्हैने बगायला नको."

उद्धवरावानं बटण फिरवलं. आणि काय आवाज! शेजारच्या ज्वारीवरची पाखरं एकदम उठली. उद्धवरावाच्या बुडाखालची सीट हालायला लागली. तो आनंदानं ओरडला, "ह्येला म्हणतेत आवाज!" मायाप्पानं माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं:

"ओढ्याच्या पल्याड अक्का, तुझं जोंधळ्याचं रान..."

पुढची ओळ तोंडातच राहिली. कारण उद्धवराव नाचायला लागला होता. मायाप्पाला क्षणभर वाटलं, ओवीवर नाचतोय. मग दिसलं की त्याच्या पायाखालच्या मॅटमधून धूर येतोय.

"आगं आय आय आय!" म्हणत उद्धवरावानं धोतर सावरत जीपमधून उडी मारली, ती थेट हरभऱ्यात. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. जगदेवी आंबिलीचं मडकं घेऊन विझवायला धावली. "आई, पाणी नगं! आंबील नगं!" ओरडत धनलक्ष्मी हातातलं भज्जीचं उलथणं टाकून आली, बॉनेटमध्ये वाकली, पान्यानं एक झटका दिला आणि बॅटरीची पट्टी उपसून बाजूला केली. मग मॅट ओढून बाहेर फेकली. धूर थांबला.

बॅटरीपासून मशीनपर्यंतची वायर वितळून जीपच्या तळाला चिकटली होती. फ्यूजच्या डबीत मायाप्पाची तार मात्र जशीच्या तशी, लखलखीत.

धनलक्ष्मीनं ती तार चिमट्यानं काढून बापाच्या तळहातावर ठेवली. "आजून येक मिन्ट गेलं आस्तं तर जीप पेटली आस्ती. उद्या आट बाया कोळारला कशा गेल्या आस्त्या? आन् उद्धवकाका आत व्हते!"

मायाप्पानं मूठ मिटली. तार अजून गरम होती.

"अप्पा, फ्यूज दोनदा उडालं. त्ये खराब न्हवतं. त्ये सांगायलं व्हतं की वायरीला झेपत न्हाई, कमी करा. तुमी त्याचं तोंडच बांदून टाकलाव. मग वायर गेली."

मग ती म्हणाली, "तीन सालामागं उद्धवकाकाच्या मोटरीची जमिनीतली केबल जळाली. आठवतंय? त्याच्या आदल्या हप्त्यात डीपीचं फ्यूज कुणी बांदलं व्हतं?"

हरभऱ्यातून धोतर झाडत येणारा उद्धवराव जागीच थांबला. तीन वर्षं तो संतपूरच्या केबलवाल्याला नकली माल दिला म्हणून येता-जाता शिव्या घालत होता. त्यानं मायाप्पाकडं बघितलं. मायाप्पानं जमिनीकडं बघितलं.

"मंजे त्यो केबलवाला..." उद्धवराव म्हणाला.

"चांगला माणूस हाय त्यो," धनलक्ष्मी म्हणाली.

"आरं देवा! मी तर त्येच्या पोरीच्या लग्नाला बी गेलो न्हाई!"

जगदेवीला हसू आवरेना. ती मडकं धरून वळली, तरी खांदे हलताना दिसत होते. मायाप्पाला मात्र हसू आलं नाही. त्याला फार वाईट वाटत होतं. तीस वर्षं ज्या गोष्टीनं छाती फुगवून फिरलो ती चुकीची निघाली, याचं वाईट एकपट. पोरीचं ऐकलं नाही, याचं दुप्पट. आणि अक्काची हाक अर्ध्या ओळीवर तुटली, याचं किती पट ते मोजायची सोय नव्हती.

"माजं चुकलं, धने," तो म्हणाला. आयुष्यात लेकीपुढं तो हे पहिल्यांदा म्हणत होता. "चुकलं. औंदाबी राहू दे आता. वायर न्हाई, फ्यूज न्हाई. मी काय मारतो हाक!"

तो असा खचून कोपीकडं वळलेला बघून धनलक्ष्मीचा राग निम्मा उतरला. ती जीपमध्ये वाकली, मशीन तपासलं, भोंगा तपासला. दोन्ही शाबूत होते.

"मशीन जितं हाय," ती म्हणाली. "वायर पायजे. तांब्याची."

चूक फक्त मायाप्पाची नव्हती, हे उद्धवरावालाही आतून कळत होतं. बास बास कोण करत होतं? तो आपल्या शेतातल्या मोटरीच्या खोलीकडं धोतराचा काचा मारून निघाला. वयाच्या मानानं फारच जोरात गेला, आणि थोड्या वेळानं केबलचं एक वेटोळं खांद्यावर घेऊन धापा टाकत परत आला. जळालेली केबल बदलताना आणलेल्या नव्या केबलचा तो उरलेला तुकडा होता.

धनलक्ष्मीनं टोक सोललं आणि बापापुढं धरलं. आत तांबडी, अस्सल तांब्याची तार होती.

"ही किती सोसती?" मायाप्पानं विचारलं. तीस वर्षांत त्यानं वायरीबद्दल हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"चार स्क्वेअर जाडीची हाय. पंचवीस-तीस सोसती."

"आन् नुस्ता भोंगा वाजवला तर मशीन किती ओढतंय?"

"बास न्हाई, नुस्ता गळा. आट, लई तर धा."

जगदेवीनं चुलीतला जाळ ओढून भज्जी निखाऱ्यावर ठेवली, आणि लेकीनं जुनी वायर कापून काढली, नवी ओढली, टोकांना लग, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोप्या, दाबल्या, बास बॉक्स दोघांनी धरून खाली उतरवला. मग ती म्हणाली, "फ्यूज जीपच्याच डब्यातून काडावं लागंल. उघडा तुमीच. मी बगत न्हाई."

मायाप्पानं झाकण उघडलं. आत रंगीत फ्यूजची ओळ. त्यात एक हिरवा तीसचा होता, आणि पुढच्या दिव्यांचा पिवळा, वीसचा. उद्धवराव मान लांब करून बघत होता. मायाप्पाचं बोट आधी हिरव्यावर गेलं. मोठा तो मोठा, निश्चिंती! बोट तिथं थांबलं. मग तो पुटपुटू लागला, "गळ्याला लागतेत धा. वायर सोसती पंचवीस. तीस घातलं तर वायर आदी जाती. धाचं घातलं तर गळा जरा चडला की उडतंय. मदलं पायजे." त्यानं पिवळा उपसला. "दिवसाउजेडी दिव्याचं काय काम?"

"वीस?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"वीस."

तिनं डबी त्याच्या हातात दिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मायाप्पाला डीपीवरच्या साऱ्या वाहवेपेक्षा जास्त बरं वाटलं.

भोंगा ओढ्याच्या दिशेनं वळवला. मायाप्पा जीपला टेकून उभा राहिला. पल्याडचा धूर आता पार विरला होता. बटणाशी या वेळी धनलक्ष्मी होती आणि उद्धवराव जीपपासून सात हात लांब. मायाप्पानं कानावर हात ठेवला.

"ओढ्याच्या पल्याड अक्का, तुझं जोंधळ्याचं रान
भाऊ हाका मारी, तुला आंबिलीचा मान..."

धडधड नव्हती, वजन नव्हतं. एक बारीक, जरासा फाटलेला, पण सरळ आवाज ज्वारीवरून गेला, ओढ्यात उतरला आणि पल्याडच्या चढाला लागला. मायाप्पाला तो भोंग्यातून परत ऐकू आला तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. चिरचिर नव्हती ती. म्हातारं माणूस बोलावं तशी हाक होती.

फ्यूज शाबूत होता. सगळे पल्याड बघत होते. कुणी आलं नाही.

"जरा वाडव की," उद्धवरावानं सात हातांवरून कुजबुजून सांगितलं.

"न्हाई," मायाप्पा म्हणाला. "हाय त्येवड्यात पोचली तर पोचली." आणि त्यानं दुसरी ओवी घातली:

"ये गं ये गं अक्का, नको धरू मनी काही
तुझ्यावाचून कोपीत माझ्या ताट मांडलं न्हाई..."

गाणं संपलं. वारा तेवढा ज्वारीतून सळसळत होता. जगदेवीनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग ओढ्याच्या काठची ज्वारी हलली. आधी टोपलं दिसलं, मग टोपल्याखालची हिरवी चोळी, मग हातात धरलेल्या चपला. म्हाळसाबाई बांधावर चढली आणि तिथूनच बोलायला लागली.

"आरं, पैल्या हाकेलाच निगालेव! वड्यात पाणी हाय, उडून यायची व्हते का मी? दुसरी कामून घातलास?"

मायाप्पा हसला आणि रडला, दोन्ही एकदम. उद्धवरावानं पुढं होऊन टोपलं उतरवून घेतलं. म्हाळसाबाईनं जीपकडं, भोंग्याकडं, बाहेर पडलेल्या जळक्या मॅटकडं बघितलं.

"मगाशी काय तरी धम् धम् वाजायलं. मला वाटलं, मत मागायलेत कोणतरी. मी आतच बसले." मग ती भावाच्या अगदी जवळ आली. त्याच्या गळ्यावरच्या ऑपरेशनच्या वणावर तिनं बोट टेकवलं. "आवाज बारीक झालाय तुजा."

"झालाय, अक्का."

"मग गेल्या साली बारीकच हाक मारायची व्हती! बांदापत्तुर येऊन मारायची, वडा वलांडून येऊन मारायची, माज्या कोपीच्या दारात येऊन मारायची! स्कूटीवर निरोप धाडलास. मला वाटलं, गाठीसंगट माजा भाऊबी कापून काडला डाक्तरनं."

मायाप्पाला वर्षभर वाटत होतं की अक्का मोठ्या आवाजासाठी अडून बसली आहे. तो खाली मान घालून म्हणाला, "लाज वाटली गं अक्का. तुला मोट्या आवाजाची सवय."

"मला मोटा कशाला पायजे? तुजा पायजे."

तेवढ्यात जगदेवी म्हणाली, "भज्जी खाली लागायली," आणि सगळे एकदम हसत कोपीकडं पळाले. पत्रावळ्या पडल्या. भज्जी थोडी करपली होती, तरी कुणी नाव ठेवलं नाही. उद्धवरावही दुसऱ्यांदा जेवायला बसला. संतपूरच्या केबलवाल्याला शेंगाच्या पोळ्या नेऊन द्यायच्या, असं त्यानं मोठ्यानं जाहीर करून टाकलं.

मायाप्पानं घास उचलला, तोच म्हाळसाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"खायच्या आदी म्हण येकदा. भोंगा नगं. मी हितंच हाय."

मायाप्पानं घास खाली ठेवला. कानावर हात ठेवायची गरज नव्हती, म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हातभर अंतरावर बसलेल्या बहिणीला, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाईल एवढ्याच आवाजात, त्यानं पहिल्यापासून हाक मारली. म्हाळसाबाईनं डोळे मिटून ती पुरी ऐकली आणि प्रत्येक ओळीला "आले रे, आले" म्हणत राहिली.